समासातलं विज्ञान

पीएचडीचा प्रबंध वाचताना वाटतं, या माणसाला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. प्रश्न ठरला, पद्धत निवडली, प्रयोग केले, आलेख आले, निष्कर्ष निघाला. वाटेत कुठं अडखळणं नाही की रस्ता चुकणं नाही. लॅबमध्ये चार-पाच वर्षं घालवलेल्या कुणालाही हे वाचून हसू येतं, कारण प्रत्यक्षात यातलं काहीच या क्रमानं घडलेलं नसतं. नोबेल मिळालेले जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९६३ साली बीबीसीवरच्या एका भाषणात थेट विचारलं होतं की, वैज्ञानिक शोधनिबंध ही एक फसवणूक तर नाही? त्यातली माहिती खोटी असते असं त्यांना म्हणायचं नव्हतं. विचार कसा पुढं सरकला याचं जे चित्र त्यातून उभं राहतं ते खोटं असतं, हा त्यांचा आक्षेप होता.

माझी तक्रार इतकी तात्त्विक नाही. प्रबंध लिहायला बसलेला विद्यार्थी जे गाळतो त्यात कामाची माहिती असते. कुठलं रसायन आधी घातलं तर गाळ बसतो, कुठल्या खेपेचं सीरम पेशींना मानवत नाही, यंत्र सुरू केल्यावर सुरुवातीची रीडिंग का धरू नयेत, एखाद्या सॉफ्टवेअर लायब्ररीची नवी आवृत्ती टाकली की कालचं उत्तर आज का येत नाही. हे सगळं वहीच्या समासात पेन्सिलीनं खरडलेलं असतं. (डिजिटल वह्या आल्या म्हणून समास गेला नाही. तो आता कमेंट या नावानं राहतो.) विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडला की वही कपाटात जाते. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा ही म्हण लॅबमध्ये लागू पडत नाही, कारण पुढच्याची ठेच मागच्याला दिसतच नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे. विज्ञानाच्या प्रत्येक प्रबंधात या बारीकसारीक शोधांचं आणि फसलेल्या वाटांचं एक प्रकरण सक्तीचं असावं. परीक्षकांनी ते वाचावं, व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, त्यावर प्रश्न विचारावेत, आणि प्रबंधासोबत ते सगळ्यांना खुलं असावं.

संशोधक विद्यार्थी दिवसभर काय करतो याबद्दल बाहेर मोठे गैरसमज आहेत. नातेवाईक भेटले की विचारतात, मग काय, लागला का शोध? जणू तो एखाद्या दिवशी दुपारी लागायचा आहे. खरं तर दिवसाचा मोठा भाग वाट पाहण्यात जातो. जेल पुरं होण्याची वाट, पेशी वाढण्याची वाट, सर्व्हरच्या रांगेत आपला जॉब पुढं सरकण्याची वाट, गाईडच्या उत्तराची वाट. उरलेला वेळ तपासात जातो. कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला नमुना, का बिघडला? काल आलेला सिग्नल आज कुठं गेला? शोध लागतात ते बहुतेक या तपासात, आणि ते इतके लहान असतात की त्यांना शोध म्हणायला विद्यार्थ्याचीच जीभ रेटत नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. शोधनिबंधात एक वाक्य हमखास सापडतं, ‘जिवाणूंमध्ये तयार केलेलं प्रथिन प्रमाणित पद्धतीनं शुद्ध केलं.’ या वाक्यामागं कधी कधी अख्खं वर्ष असतं. जिवाणू ३७ अंश सेल्सिअसला वाढवले आणि तिथंच त्यांना प्रथिन बनवायला लावलं तर ते भरपूर बनतं, पण पुष्कळ प्रथिनांची घडी त्या घाईत नीट पडत नाही. त्यांचे गोळे होतात आणि पेशी फोडल्यावर सगळं तळाला बसतं. म्हणून तापमान १६ ते १८ अंशांवर आणायचं आणि रात्रभर सावकाश बनू द्यायचं. इथवर पुस्तकात असतं. पुढं ध्वनिलहरींनी पेशी फोडताना सोनिकेटरचं टोक द्रावाच्या पृष्ठभागाजवळ आलं तर फेस होतो आणि फेसात प्रथिनं बिघडतात; फार खाली गेलं तर नळीच्या बुडाला टेकतं. सलग चालवलं तर बर्फात रोवलेली नळीसुद्धा आतून तापते, म्हणून काही सेकंद चालू, काही सेकंद बंद. फुटलेल्या पेशींमधला डीएनए मोकळा झाला की मिश्रण चिकट होतं, त्याला तार सुटते आणि ते प्रथिन गाळून वेगळं करणाऱ्या कॉलमच्या तोंडाशी तुंबतं. तेव्हा डीएनए कापणारं एन्झाइम टाकायचं की सोनिकेटर आणखी थोडा चालवायचा, हे त्या त्या प्रथिनावर ठरतं. अखेर नितळ प्रथिन हातात येतं, फ्रीजरमध्ये जातं, आणि बाहेर काढावं तर गढुळलेलं! मग ग्लिसरॉल घालून बघ, मिठाचं प्रमाण बदलून बघ. ते बाहेर काढल्यावरही नितळ राहिलं, त्या दिवशी विद्यार्थी जितका खूश असतो तितका पेपर छापून आल्यावरही नसतो. आणि त्याच्या प्रबंधात काय राहतं? ‘प्रमाणित पद्धतीनं.’

यावर कुणी म्हणेल, हे कारागिरीचे तपशील आहेत, यात विज्ञान कुठं आहे? तर २०१४ साली ‘सेल रिपोर्ट्स’मध्ये छापलेली एक हकिकत पाहा. अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांवरच्या दोन नावाजलेल्या लॅब, एक बर्कलीची आणि एक बॉस्टनची, मिळून स्तनांच्या पेशींवर काम करत होत्या. ऊतींमधून पेशी सुट्या करायच्या आणि त्यांच्या पृष्ठभागावरच्या खुणांवरून त्यांची वर्गवारी करायची, एवढं साधं काम. दोन्हीकडं माणसं निष्णात, साहित्य सारखं, यंत्रं सारखी, तरी उत्तरं जुळेनात. एकेक गोष्ट तपासून संपली. शेवटी दोन्हीकडच्या माणसांनी शेजारी शेजारी उभं राहून काम केलं तेव्हा उलगडा झाला. ऊतींचे तुकडे एन्झाइममध्ये मुरवताना एका लॅबमध्ये ते जोरात ढवळले जात होते, दुसरीत हलकेच डोलवत ठेवले जात होते. बास. आपण ढवळतो हे सांगण्यासारखं आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं. त्यांनी तो तपशील स्वतंत्र निबंध करून छापला, हे त्यांचं मोठेपण. पण नाव आणि निधी गाठीशी असलेल्या लॅबला हे परवडतं. एकट्या विद्यार्थ्याला असा निबंध लिहायला कोण सांगेल, आणि लिहिलाच तर छापेल कोण?

याहून मजेदार गोष्ट भौतिकशास्त्रात घडली. समाजशास्त्रज्ञ हॅरी कॉलिन्स यांनी २००१ मध्ये ती तपशीलवार नोंदवली. गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या यंत्रांसाठी आरसे कशाचे करावेत हा प्रश्न होता आणि त्यासाठी नीलम स्फटिकातलं कंपन किती वेळ टिकतं हे मोजायचं होतं. मॉस्कोच्या गटानं फार चांगला आकडा मोजला होता. पाश्चात्त्य लॅबना तो वर्षानुवर्षं मिळत नव्हता, आणि साहजिकच मॉस्कोच्या आकड्याबद्दल शंका घेतली जात होती. ग्लासगोच्या गटाला तो अखेर मिळाला, पण त्याआधी दोन्ही गटांना एकमेकांच्या लॅबमध्ये जाऊन काम करावं लागलं. स्फटिक टांगायचा तो धागा किती आणि कसा ओशट करायचा यावर बरंच अवलंबून होतं. कोरडा धागा घर्षणानं कंपन खातो, जास्त ओशट झाला तरी खातो. एक रशियन शास्त्रज्ञ धागा नाकावरून किंवा कानामागून ओढून घ्यायचा. त्वचेच्या तेलाचा जो पातळसा हात त्यावर बसायचा तो अगदी बेताचा असायचा. विश्वाच्या दूरच्या टोकावरून येणाऱ्या लहरी मोजण्याच्या खटाटोपात माणसाच्या नाकावरचं तेल कामाला आलं, आणि ते छापायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

अशा वेळी लॅबमध्ये आपण म्हणतो, अमक्याच्या हाताला गुण आहे. कौतुक म्हणून ठीक आहे. पण ज्या ज्ञानाचा पाया ‘कुणीही करून पाहावं आणि तेच यावं’ हा आहे, तिथं हाताचा गुण ही काळजीची गोष्ट आहे. याच कॉलिन्स यांनी १९७४ मध्ये एका विशिष्ट प्रकारचा लेझर बांधणाऱ्या लॅबचा अभ्यास केला होता. नुसते छापील निबंध वाचून तो लेझर चालवून दाखवलेली एकही लॅब त्यांना सापडली नाही. ज्यांना जमलं त्यांची आधी जमलेल्या कुणाशी तरी प्रत्यक्ष ओळखपाळख होती. याचा अर्थ नीट घ्यायला हवा. ज्ञान सार्वजनिक असल्याचं आपण सांगतो आणि ते ओळखीपाळखीवर चालवतो. ज्याचा गाईड मोठा, ज्याच्या ओळखी चार देशांत, त्याला फोन करून विचारता येतं. बाजूच्या, लहान संस्थेतला विद्यार्थी तोच निबंध पुन्हा पुन्हा वाचतो आणि आपल्याच हातात काही खोट आहे असं समजून खचतो. बारीकसारीक माहिती न छापण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही.

‘नेचर’नं २०१६ मध्ये काढलेल्या प्रश्नावलीला १,५७६ संशोधकांनी उत्तरं दिली होती. दुसऱ्याचा प्रयोग करून पाहिला आणि जमला नाही, असं ७० टक्क्यांहून जास्त लोकांनी सांगितलं. स्वतःचाच प्रयोग पुन्हा जमला नाही असं सांगणारे निम्म्याहून अधिक होते. या आकड्यांवर पुष्कळ चर्चा झाली. संख्याशास्त्राचा गैरवापर, छापण्याची घाई, क्वचित लबाडी अशी कारणं पुढं आली, आणि ती खरीच आहेत. पण मला त्या आकड्यांत ढवळणं आणि डोलवणंही दिसतं.

संगणकावर काम करणारे याला अपवाद आहेत असं समजू नये. एक्सेलमध्ये काही जनुकांची नावं टाकली की ती तारखा होतात. सेप्ट२ नावाचं जनुक २ सप्टेंबर होऊन बसतं, मार्च१ नावाचं १ मार्च. हे २००४ मध्ये रीतसर छापून आलं होतं. तरी २०१६ मध्ये मोठ्या संख्येनं निबंध तपासले तेव्हा जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एक पंचमांशात ही चूक सापडली. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं जनुकांचीच नावं बदलली, आणि हे आपोआप होणारं रूपांतर बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये २०२३ मध्ये आली. मधल्या काळात किती विद्यार्थ्यांनी आपापल्या खोलीत, रात्री उशिरा, हा शोध नव्यानं लावला असेल, आपापल्या वहीत लिहिला असेल आणि तिथंच ठेवला असेल? हे उदाहरण माझ्या मागणीच्या थोडं विरुद्धही जातं, हे मान्य करायला हवं. नुसतं छापून भागत नाही. पण एका निबंधाकडं दुर्लक्ष करणं सोपं असतं. दरवर्षी डझनावारी प्रबंधांत तीच तक्रार आली असती तर इतकी वर्षं लागली नसती.

फसलेलं मोकळेपणानं सांगण्याची ही रीत विज्ञानाला नवी आहे असंही नाही. मायकेल फॅरडे यांना गुरुत्वाकर्षण आणि वीज यांचं काही नातं असावं अशी खात्री वाटत होती. त्यांनी तारेच्या गुंडाळ्या उंचावरून खाली सोडून त्यांत वीजप्रवाह येतो का ते पाहिलं. काही आलं नाही. त्यांनी १८५० मध्ये रॉयल सोसायटीपुढं व्याख्यान देऊन ते ‘काही नाही’ सविस्तर सांगितलं. उपकरण कसं होतं, कुठं फसवा प्रवाह येत होता, तो कशामुळं येत होता आणि कसा काढून टाकला. निकाल नकारात्मक आहे, माझी खात्री मात्र हललेली नाही, असं म्हणून ते थांबले. आज एखाद्या विद्यार्थ्यानं असा निबंध पाठवला तर तो संपादकाच्या टेबलावरूनच परत येईल.

रसायनशास्त्रात १९२१ पासून ‘ऑरगॅनिक सिंथेसिस’ निघतं. त्याचा नियम असा की, पाठवलेली कृती संपादक मंडळातल्या कुणाच्या तरी लॅबमध्ये करून पाहायची आणि ठीक उतरली तरच छापायची. प्रत्येक कृतीखाली टिपा असतात, आणि टिपाच कधी कधी कृतीहून लांब. इथं रंग पिवळा होतो, घाबरू नका. इथं घाई केलीत तर तापमान हाताबाहेर जाईल. याच धर्तीवर फळमाशीवर काम करणाऱ्यांनी १९३४ मध्ये ‘ड्रॉसोफिला इन्फर्मेशन सर्व्हिस’ नावाचं वार्तापत्र काढलं आणि सूत्रकृमींवर काम करणाऱ्यांनी १९७५ मध्ये ‘वर्म ब्रीडर्स गॅझेट’. कुणाकडं कुठला वाण आहे, माश्यांच्या खाद्यावर बुरशी येऊ नये म्हणून काय करावं, कुठली युक्ती चालली, कुठली नाही, असा सगळा मजकूर त्यात यायचा. गॅझेटमधला मजकूर लेखकाला विचारल्याशिवाय उद्धृत करायचा नाही असा संकेत होता, त्यामुळं अर्धवट गोष्टी सांगायला लोक बिचकत नसत. फळमाशी आणि सूत्रकृमी या दोन जीवांवरचं काम इतकं भराभर पुढं गेलं त्यात या मोकळेपणाचा वाटा होता असं माझं मत आहे.

मग ही रीत मागं का पडली? कारण उघड आहे. पद, निधी, पुढची नोकरी, सगळं छापील निबंधांवर ठरतं आणि निबंधाला गोष्ट लागते, शेवट गोड लागतो. जे जमलं नाही ते खणात पडून राहतं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेंथाल यांनी १९७९ मध्ये या खणाचा प्रश्न गणितानं मांडला होता. पडून राहिलेले असे किती निकाल उघड झाले तर छापलेला निष्कर्ष डळमळेल, याचा हिशेब त्यांनी मांडून दाखवला. उपाय म्हणून नकारात्मक निकालांसाठी खास नियतकालिकं निघाली. जीववैद्यकातलं असं एक २००२ मध्ये सुरू झालं आणि २०१७ मध्ये बंद पडलं. आता बाकीचीही नियतकालिकं असे निकाल घेतात, त्यामुळं गरज उरली नाही, असं प्रकाशकांनी सांगितलं. घेतात हे खरं आहे. पण देतं कोण? पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत ज्याचं मोल शून्य, असा निबंध लिहायला कुठल्या विद्यार्थ्यानं तीन महिने काढावेत?

म्हणूनच मी नियतकालिकांच्या नादी न लागता प्रबंध धरतो. प्रबंध विद्यार्थ्याला लिहावाच लागतो. त्याला पानांची तशी मर्यादा नसते. तो वाचायला परीक्षक बांधलेले असतात. आणि अलीकडं बहुतेक ठिकाणी तो ऑनलाइन भांडारात जमा होतो, म्हणजे शोधणाऱ्याला सापडतो. पात्र तयार आहे, आपण ते चुकीच्या गोष्टींनी भरतो. छापून आलेले तीन निबंध एकामागं एक जोडायचे, पुढं प्रस्तावना, मागं उपसंहार, झाला प्रबंध. जे आधीच छापलेलं आहे तेच पुन्हा बांधून ठेवायचं आणि जे दुसरीकडं कुठंच नाही ते गाळायचं, हा उफराटा व्यवहार आपण बिनदिक्कत चालवतो.

प्रबंधाची चौकट किती आखडू असते याची परमावधी जोसलिन बेल यांच्या बाबतीत झाली. केंब्रिजमध्ये पीएचडी करताना १९६७ मध्ये त्या रोज सुमारे तीस मीटर कागदावर उमटलेली रेडिओ दुर्बिणीची रेघ डोळ्यांनी तपासत होत्या. त्यात सेंटिमीटरभर जागेत एक खरखरीत डाग दिसला. तो क्वेसारच्या, म्हणजे अतिदूरच्या तेजस्वी रेडिओ स्रोताच्या, लुकलुकण्यासारखा नव्हता आणि माणसांच्या रेडिओ गोंगाटासारखाही नव्हता. असाच डाग आकाशाच्या याच भागातून आधी आल्याचं त्यांना आठवलं. ही आठवण हाच खरा शोध. मैलोगणती कागद नजरेखालून घातलेल्या विद्यार्थिनीलाच ती येऊ शकत होती. तिच्या गाईडला नव्हे. पुढं कागद भरभर पळवून पाहिला तेव्हा सुमारे १.३ सेकंदांनी येणारे ठोके दिसले. तो पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक ठेक्यात ठोके पाठवणारा तारा. त्याबद्दलचं नोबेल १९७४ मध्ये गाईडला मिळालं, बेल यांना मिळालं नाही, हे सर्वांना माहीत असतं. कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट अशी की, प्रबंधाचा विषय आधी ठरलेला असल्यामुळं पल्सार त्यांच्या प्रबंधात परिशिष्टात गेले. शतकातल्या मोठ्या शोधांपैकी एकाला जिथं मुख्य मजकुरात जागा मिळाली नाही, तिथं सोनिकेटरच्या टोकाची काय कथा.

आता आक्षेप. सगळ्यात वजनदार आक्षेप असा की, फसलेला प्रयोग म्हणजे ज्ञान नव्हे. नळी उलटी लावली, रसायन जुनं होतं, झोप झाली नव्हती, म्हणून प्रयोग फसला; याचा कचरा प्रबंधात कशाला? आक्षेप बरोबर आहे आणि तो गाळणी म्हणून वापरता येतो. प्रकाश ईथर नावाच्या अदृश्य माध्यमातून येतो आणि त्यातून फिरणाऱ्या पृथ्वीला त्याचा वारा लागत असावा, असं तेव्हा मानत. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मोर्ली यांना हा ईथरचा वारा सापडला नाही. पण नुसतं सापडला नाही असं त्यांनी म्हटलं नाही. वारा असता तर प्रकाशाचे पट्टे किती सरकायला हवे होते ते त्यांनी आधी काढलं आणि प्रत्यक्ष सरकणं त्याच्या विसाव्या भागापेक्षा नक्कीच कमी आहे असं सांगितलं. नकाराला वजन येतं ते इथून. माझं उपकरण एवढ्याएवढ्या आकाराची गोष्ट पकडू शकत होतं, कंट्रोल चालत होते, आणि तरी काही दिसलं नाही, असं ज्याला लिहिता येईल त्यानं लिहावं. ज्याला येत नाही त्यानं ते वहीतच ठेवावं. ही दोन टोकं वेगळी ओळखता येणं म्हणजेच तर संशोधक होणं, आणि हे कौशल्य आपण आज कुठंही तपासत नाही.

दुसरा आक्षेप गाईड मंडळींचा असतो आणि तो बहुधा मोठ्यानं बोलला जात नाही. एवढ्या वर्षांत जमवलेल्या युक्त्या उघड केल्या तर प्रतिस्पर्धी लॅब पुढं जाईल. शक्य आहे. पेटंटच्या कामात प्रबंध काही काळ बंद ठेवण्याची सोय पुष्कळ विद्यापीठांत असते, तीच इथं लावता येईल. पण मुदतीनंतरही उघड करायचं नसेल तर प्रश्न असा येतो की, सार्वजनिक पैशातून शिकलेली गोष्ट खासगी कधी झाली?

विद्यार्थ्यावर आणखी एक ओझं, हा आक्षेप मला निम्मा पटतो. शेवटच्या वर्षात हे प्रकरण आठवून लिहायला सांगितलं तर ते ओझंच होईल आणि जे लिहिलं जाईल तेही भुसकट असेल. वही चालू असतानाच दर काही महिन्यांनी पानभर उतरवत गेलं तर शेवटी फक्त निवड उरते. पंधरा-वीस पानांची वरची मर्यादा घालावी. लांबण लावणाऱ्याला नाही तर आवर घालता येणार नाही.

खरी भीती वेगळी आहे आणि तिच्यावर माझ्याकडं पुरतं उत्तर नाही. जे सक्तीचं होतं त्याचा फॉर्म होतो. संशोधनातल्या प्रामाणिकपणाची प्रमाणपत्रं आपण प्रबंधाला जोडतोच, ती कोण वाचतं? मागच्या सीनियरच्या प्रबंधातून हेही प्रकरण उचललं जाईल, शब्द इकडचे तिकडं होतील आणि ‘पाण्याची शुद्धता महत्त्वाची असते’ असली वाक्यं पानोपान येतील. नियमानं हे थांबणार नाही. परीक्षकानं थांबवलं तर थांबेल, आणि परीक्षकाला त्यासाठी जास्तीचं काही वाचायचीही गरज नाही. व्हायवात त्यानं हे प्रकरण उघडावं आणि विचारावं, उद्या तुमच्या जागी बसणाऱ्या विद्यार्थ्याचं पहिलं वर्ष वाचेल असं यातलं काय आहे? ज्यानं स्वतः हात घाण केले आहेत तो थांबायचं नाव घेणार नाही. ज्याला काहीच सुचणार नाही, त्याच्या प्रबंधातले प्रयोग कुणी केले हा पुढचा प्रश्न.